महाड-पोलादपूरचे डोंगर : वेळेवरची आग आणि मोजकी तोड

प्रति,
उपवनसंरक्षक, रोहा वन विभाग,
तसेच महाड व पोलादपूर तालुक्यांतील ग्रामपंचायती, संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आणि मालकी रानांचे खातेदार यांस

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील डोंगरांना दरवर्षी फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत वणवे लागतात. आंबेनळी, वरंध आणि कशेडी या तिन्ही घाटांच्या अंगाने, रायगडाच्या घेऱ्यात, मंगळगड आणि चंद्रगडाच्या सोंडांवर, सावित्री, काळ, गांधारी यांच्या पाणलोटात रात्री जाळाच्या रेघा सरकताना दिसतात. याच डोंगरांवर पावसाळा सरला की मालकी रानांची तोड सुरू होते आणि जळाऊ लाकडाच्या गाड्या खाली उतरू लागतात. वणवा आणि तोड ही दोन वेगळी दुखणी मानण्याची रीत आहे. एकासाठी जनजागृतीचे फलक लागतात, दुसऱ्यासाठी परवान्याची फाइल फिरते. जमीन मात्र एकच आहे, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला सोडून होत नाही. वणवा थांबवायचा तर थोडी आग थंडीतच, ठरलेल्या पट्ट्यात, गावाच्या हातून लावावी लागेल. रान राखायचे तर तोड थोपवण्यापेक्षा तिला शिस्त लावावी लागेल. दोन्ही कामे वन विभाग, ग्रामपंचायत आणि खातेदार यांच्या एकाच आराखड्यात बसवणे ही या दोन तालुक्यांची आजची गरज आहे.

इथले रान मिश्र आहे. उतारांवर ऐन, किंजळ, नाणा, आसाणा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडे आहेत. घळींत आणि देवरायांत सदाहरित झाडे टिकून आहेत, आणि वरच्या उतारांवर कारवी आहे. अशा रानातला वणवा झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही. तो वाळके गवत आणि पातेरा खात जमिनीवरून सरकतो. त्यामुळे वणवा विझल्यावर मोठी झाडे उभीच दिसतात आणि फारसे नुकसान झाले नाही असा समज होतो. जुन्या ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड आणि भेगाळलेली असते, ती आतल्या जिवंत थराला वाचवते. साग, पळस, कुंभा हेही असेच चिवट. जळतात ती रोपे, बिया आणि पातळ सालीची झाडे. अंजनीसारखी सदाहरित झाडे एकदोन वणव्यांतच संपतात. दरसाल जळणाऱ्या रानात जुनी झाडे आहेत आणि त्यांची जागा घेणारे एकही रोप नाही, अशी स्थिती येते. ती झाडे वठली की उतारावर गवत, मधून कुंभा किंवा पळस आणि मोकळ्या जागी रानमोडी उरते. रानमोडी वाळली की भडकून जळते आणि पावसाळ्यात बुडख्यातून पुन्हा फुटते. म्हणजे एका वणव्याने केलेली मोकळी जागा पुढच्या वणव्याचे सरपण तयार करते.

वणवे लावतो कोण, या प्रश्नाचे उत्तर गावोगाव ठरलेले असते : कातकरी, गुराखी किंवा शिकारी. ते अन्यायाचे आहे आणि अपुरेही आहे. काही वणवे शिकारीसाठी लागतात हे खरे. पण बांध जाळताना, बाग साफ करताना, मध काढताना, घाटात गाडी थांबवून विडी-सिगारेट टाकताना निसटलेली आगही डोंगर जाळते. जाळल्याने पुढच्या साली गवत चांगले येते, हा समजही जुना आहे. त्यात थोडे तथ्य आहे, कारण जुने खुंट गेल्याने नवे कोंब मोकळे होतात. मात्र उतारावरची राख पहिल्या मोठ्या सरीबरोबर ओढ्यात जाते आणि गवतापातेऱ्यातला नत्र धुरातच निघून गेलेला असतो. काही वर्षांतच अशा उतारावरचे गवत आखूड आणि निकस होते.

आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. पूर्वी दिवाळीच्या सुमारास डोंगरातले गवत कापले जाई आणि घराजवळ उडव्या रचल्या जात. आता गोठे रिकामे होत चालले आहेत, तरुण माणसे मुंबईला आहेत, स्वयंपाक गॅसवर होतो. गवत उभेच वाळते आणि पातेरा कोणी उचलत नाही. वणव्याला लागणारे जळण पूर्वीपेक्षा जास्त आहे आणि विझवायला धावणारी माणसे कमी. आग न लावण्याचे आवाहन कितीही मनापासून केले तरी हे जळण डोंगरावर तसेच राहते, आणि एका ठिणगीला कोणाचीही परवानगी लागत नाही.

आगीला ताब्यात ठेवण्याचे ज्ञान मात्र याच मातीत आहे. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची कोकणातली रीत म्हणजे नियंत्रित आगच आहे. दाढीच्या जागेवर शेण, त्यावर तोडलेली कवळ, मग पातेरा आणि गवत, आणि सर्वांत वर बारीक माती असे थर देतात. मातीमुळे जाळ उफाळत नाही, धुमसत राहतो. राब वाऱ्याच्या बाजूने पेटवत नाहीत. उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आगीला वाऱ्याविरुद्ध हळूहळू जावे लागते आणि जमीन खालपर्यंत भाजते. तण आणि किडींची अंडी जळतात, राखेचे खत मिळते. वारा कसा आहे, कड किती झाडून घ्यायची, माणसे कोठे उभी करायची, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

राबाचा आणि वनखात्याचा झगडाही जुना आहे. इंग्रजी अमलात राखीव जंगले आखली गेली तेव्हा कवळ तोडण्यावर बंधने आली आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष माजला. त्याची चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. कुलाबा म्हणजेच १९८१ पासूनचा रायगड जिल्हा. राबाची गरज आणि जंगलाची राखण यांचा मेळ कसा घालायचा हा त्या आयोगापुढचा एक प्रमुख प्रश्न होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनी प्रश्नाचे रूप बदलले आहे. राबासाठी फांद्या कमी तोडल्या जातात आणि रान वणव्यात जास्त जाते. पण खाते आणि गाव यांच्यातला अविश्वास बराचसा तेव्हाचाच आहे.

जगात इतरत्र हा अविश्वास कमी करण्याचे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने सामूहिक वनपुनर्स्थापनेचा एक कार्यक्रम सुरू झाला. किमान ५०,००० एकरांचा सलग प्रदेश, १० वर्षांचा आराखडा, वनखाते, स्थानिक लोक, लाकूड व्यावसायिक आणि पर्यावरणवादी यांची एकत्र समिती, आणि काम सुरू झाल्यापासून किमान १५ वर्षे परिणामांची संयुक्त तपासणी, अशा त्याच्या अटी आहेत. दाटलेली लहान झाडे काढणे आणि ठरवून आग लावणे ही तिथली दोन मुख्य साधने. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून आदिवासी रखवालदार कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच लहान लहान आगी लावतात, म्हणजे पुढच्या भडक्या आगींना जळण उरत नाही. याउलट कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांतले सोलिगा लोक पूर्वी उन्हाळा तापण्याआधी पातेऱ्याची हलकी आग लावत. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झाल्यावर ती बंद झाली आणि त्यानंतर घाणेरीने रान व्यापले, असे सोलिगा सांगतात.

यातले काहीही जसेच्या तसे उचलून महाडला लावणे चुकीचे ठरेल. अमेरिकेच्या पश्चिमेतली पाइनची अनेक जंगले ठराविक वर्षांनी लागणाऱ्या हलक्या आगीतच घडलेली आहेत, आणि शंभर वर्षे आग दाबून ठेवल्याने ती बिघडली. सावित्रीच्या खोऱ्यातले रान तसे नाही. इथे आग कमी पडल्याने नव्हे, ती वारंवार आणि उशिरा लागल्याने बिघाड झाला आहे. त्यामुळे रानाच्या पोटात आग घालण्याचे इथे कारण नाही. देवराई, घळ, फुटवे धरलेले रान आणि कारवीचे उतार यांत तर काडीही ओढू नये. घेण्याजोग्या गोष्टी दोनच : आगीची वेळ माणसाने ठरवायची, आणि ते ठरवणारी समिती एकट्या खात्याची नसावी.

जाळरेषा, म्हणजे वणव्याआधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, हे त्याचे स्थानिक रूप आहे आणि वन विभागाला ते परके नाही. अडचण आहे ती कोठे, केव्हा आणि कोण याची. सध्याच्या रेषा मुख्यतः वनखात्याच्या हद्दीचा विचार करतात. वणवा बहुतेक वेळा मालकी गवताळ उतारावर, रस्त्याच्या कडेला किंवा बागेच्या बांधावर सुरू होतो आणि मग वनात शिरतो. म्हणून रेषा हव्यात त्या घाटरस्त्यांच्या कडेने, धारेवरून, मालकी आणि वनजमिनीच्या शिवेवर आणि वाड्यांच्या व आंबा-काजूच्या बागांभोवती. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या आधारे आगीचे इशारे मोबाइलवर पाठवते. त्यातल्या एका यंत्रणेची नजर ३७५ मीटरपर्यंत बारीक आहे. डोंगरात रेंज नसते आणि उपग्रह वरून जाईपर्यंत गवताची आग होऊन गेलेली असते, म्हणून विझवण्यासाठी या इशाऱ्यांचा उपयोग मर्यादित आहे. पण मागच्या काही वर्षांचे सगळे ठिपके गावाच्या नकाशावर मांडले तर आग कोठून चढते ते उघड दिसेल. रेषा तिथे काढाव्यात.

काम डिसेंबर-जानेवारीतले आहे. तेव्हा गवत पिवळे झालेले असते, पण रात्रीचे दव जमिनीत ओल ठेवते आणि वारा अजून तापलेला नसतो. आधी पट्ट्याच्या दोन्ही कडा कापून, खराट्याने जमीन दिसेपर्यंत झाडून घ्यायच्या आणि सगळे गवत मधोमध ओढायचे. दव उडाल्यावर, दुपारचा वारा सुटण्याआधी, डोंगराच्या वरच्या टोकाकडून थोडी थोडी लांबी पेटवायची. आग चढणीला धावते आणि उताराला रेंगाळते, म्हणून वरून खाली आणलेली आग हातात राहते. दोन्ही कडांना हिरवे टहाळे घेतलेली माणसे हवीत, आणि एक माणूस फक्त वाऱ्याकडे लक्ष देणारा. जाळ गेल्यावर पट्ट्यातले वाळके ओंडके आणि बुडखे पाहावे लागतात. ते आत धुमसत राहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या झुळकीने पेटतात. राख हाताला गार लागेपर्यंत कोणी घरी जायचे नाही.

इतके करूनही रेषा पुष्कळदा फुकट जाते, आणि त्याचे कारण साधे आहे. डिसेंबरात पट्टा स्वच्छ होतो. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन आणि किंजळ पाने टाकतात आणि त्याच पट्ट्यावर पुन्हा पातेरा साचतो. वणव्याला तो पूल पुरतो. म्हणून शिमग्याच्या आधी एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा रेषा पुन्हा झाडणे हे पहिल्या जाळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. तरतूद मात्र बहुधा पहिल्या जाळण्यापुरतीच धरली जाते. पाने उडवणारे ब्लोअर आता वन विभागाकडे आले आहेत. त्यांतला एकेक मोठ्या गावाच्या समितीकडे उन्हाळाभर राहिला तर हे काम सोपे होईल. कारवीच्या उतारांकडे वेगळे लक्ष लागते. सात-आठ वर्षांनी कारवी एकदम फुलते, बी धरते आणि वाळून जाते. त्या वर्षी सगळा उतारच सरपण होतो. त्या हंगामात कारवीच्या खालच्या अंगाची रेषा दुपटीने रुंद हवी.

आता तोडीकडे. या दोन तालुक्यांत झाडोऱ्याचा मोठा भाग खातेदारांच्या मालकीचा आहे. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याने काही रान सरकारजमा झाले, बाकीचे सातबाऱ्यावर राहिले. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आंबा, खैर, साग अशा ठराविक झाडांना परवानगीची अट आहे. कायदा झाडाकडे पाहतो. रान पुन्हा उभे राहील की नाही, ते तोडण्याच्या पद्धतीवर ठरते. व्यवहार बहुधा उक्ता होतो. ठेकेदार सगळ्या डोंगराचे एकरकमी पैसे देतो, मग जितके जास्त तोडेल तितका त्याचा फायदा. खातेदार मुंबईत असतो आणि सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात. वाट्याला येणारी रक्कम फार नसते, पण डोंगर एका हंगामात बोडका होतो.

तोड मुळातच वाईट, असे मानण्याचे कारण नाही. ऐन, किंजळ, नाणा, साग यांच्या बुडख्यांतून जोमदार फुटवे येतात. नवी पालवी येण्याआधी, जमिनीलगत, धारदार हत्याराने, साल न फाटता आणि पाणी साचणार नाही असा तिरका घाव घालून तोड झाली तर तोच बुडखा पुन्हा रान देतो. दोन पावसाळ्यांनंतर एका बुडख्यावर एकदोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढायचे, की खोड धरते. गुडघाभर उंचीवर कसेही मारलेले घाव, सोललेली साल आणि जेसीबीने उपटलेली मुळे यांतून मात्र काहीच उगवत नाही. म्हणून उक्त्या सौद्याऐवजी मापावर सौदा व्हावा. एकरी किमान वीस मोठी झाडे, त्यांत हिरडा, बेहडा, आंबा, जांभूळ अशी फळांची झाडे आधी, रंगाने खूण करून राखावीत. ओढ्यांच्या दोन्ही काठांना कुऱ्हाड लावू नये. उतारावर आडव्या पट्ट्यांत, पट्टा सोडून पट्टा, अशी तोड व्हावी.

तोड आणि वणवा यांचा थेट सांधा इथेच आहे. ठेकेदार जाडे लाकूड नेतो आणि शेंडे, डहाळ्या, पाला डोंगरावर टाकून जातो. मार्चपर्यंत ते कडकडीत वाळते. त्यातून गेलेला वणवा नुसत्या गवतातल्या वणव्याहून कितीतरी तापतो आणि बुडखे मुळापर्यंत भाजतो. मग फुटवा येत नाही, आणि लोक म्हणतात की तोडीने रान गेले. खरे तर तोडीनंतरच्या आगीने गेले. तोडीच्या परवान्याला दोन अटी जोडल्या तर हे टळेल. तोडीआधी भोवती जाळरेषा झालेली असावी, आणि फेब्रुवारीपूर्वी बारीक माल खाली आलेला असावा. हा माल गावाला राबासाठी उपयोगी आहे. ज्यांना तो नको त्यांनी आडव्या ओळींत, बुडख्यांपासून दूर रचून कुजू द्यावा. त्या ओळी पावसाळ्यात मातीही अडवतात. फुटव्यांची पहिली तीन-चार वर्षे चराई आणि आग या दोन्हींपासून राखली तरच पुढची तोड मिळेल, हे खातेदाराला हिशेबाने पटवता येण्यासारखे आहे.

न तोडण्याचा मोबदलाही देता येतो. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने खातेदारांशी करार करून मालकी रान राखण्याबद्दल मोबदल्याची व्यवस्था केली आहे. हिरडा-बेहड्यासारखा रानमेवा चांगल्या दराने विकण्याची वाटही तिने दाखवली आहे. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत, जिथे उतार फार तीव्र आहे आणि तोड करूच नये, तिथे हाच मार्ग योग्य आहे.

एकत्र कामाला कायद्याचा आधार पुरेसा आहे. केंद्राने १९९० मध्ये आणि महाराष्ट्राने १९९२ मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाचे धोरण स्वीकारले. २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेतून चांगल्या समित्यांना पुरस्कार मिळतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क मानला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये तो मिळवला, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपानांच्या तोडणीत फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लागतात म्हणून ते उत्पन्नच सोडले. महाडच्या कातकरी आणि धनगर वाड्यांना हा हक्क मिळणे वणव्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण बारमाही डोंगरात असणारी माणसे तीच आहेत. आग पहिल्यांदा त्यांना दिसते. पण १९२७ च्या वन अधिनियमात आग लावणे हा गुन्हा आहे, तसेच आग विझवायला मदत करणे हे जंगलाचा लाभ घेणाऱ्यांवर बंधन आहे. व्यवहारात पहिल्या कलमाची भीती इतकी असते की दुसरे पाळले जात नाही. खबर देणाऱ्यावरच संशय येतो. म्हणून समितीच्या ठरावाने, वनरक्षकाच्या उपस्थितीत, लेखी परवानगीने होणाऱ्या जाळकामात सहभागी झालेल्यांना आणि आगीची खबर देणाऱ्यांना संरक्षण असल्याचे स्पष्ट पत्र विभागाने काढावे, आणि ते वाडीवाडीत वाचून दाखवावे. जाळकामाची मजुरी वेळेवर द्यावी.

डोंगर कोसळण्याचा विषय इथे टाळता येत नाही. २००५ च्या जुलैत महाडमधल्या जुई, दासगाव या गावांवर आणि २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर दरड आली. पोलादपूर तालुक्यातही त्याच दिवसांत माणसे दगावली. या दुर्घटनांचे खापर वणव्यावर किंवा तोडीवर फोडणे बरोबर नाही. तीव्र उतार, कातळावरचा झिजलेल्या मातीचा जाड थर आणि थोड्या तासांत कोसळलेला अफाट पाऊस ही त्यांची मुख्य कारणे. पण मुळे मातीचा वरचा थर धरतात, आणि बुडखे मेले की काही वर्षांत ती मुळे कुजतात, हेही तितकेच खरे. दरडप्रवण म्हणून नोंदलेल्या गावांच्या वरच्या उतारांवर मालकी असो वा सरकारी, तोड बंद आणि वणव्यापासून पहिले संरक्षण, एवढा नियम तरी तातडीने हवा. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडूनही याच तालुक्यांतल्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. पातेरा जळून उघडी पडलेली जमीन पाणी मुरू देत नाही, हे त्यामागचे एक कारण आहे.

आराखड्याची सुरुवात गणपतीतल्या ग्रामसभांपासून व्हावी, कारण तेव्हा मुंबईकर खातेदार गावात असतात आणि संमतीच्या सह्या एकाच वेळी मिळतात. ऑक्टोबरात वनरक्षक, तलाठी आणि गावकरी यांनी शिवेवरून चालून रेषा आणि राखायची झाडे ठरवावीत. डिसेंबर-जानेवारीत जाळकाम, मार्च आणि एप्रिलमध्ये फेरझाडणी. पहिल्या वर्षी दोन्ही तालुक्यांत मिळून मोजक्या, एकमेकींना लागून असलेल्या गावांत हे करावे, कारण सुट्या एका गावाची रेषा शेजारच्या गावाच्या वणव्यापुढे टिकत नाही. प्रत्येक गावात जळलेल्या आणि न जळलेल्या उतारांवर ठरलेल्या चौकटी आखून दर दिवाळीनंतर रोपे आणि फुटवे मोजावेत. मोजणी शाळेतल्या मुलांनी आणि समितीने मिळून करावी, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत आणि त्यांची प्रत रोह्याला जावी. दहा वर्षे ही मोजणी न खंडता चालावी, आणि रेषांची जागा, रुंदी व तोडीच्या अटी दरवर्षी त्या आकड्यांनुसार बदलाव्यात.